माजघरातली भीती

भयपटाला भुतापेक्षा घराची गरज जास्त असते. भुताशिवाय उत्तम भयपट झाले आहेत. पण दार, जिना, खिडकी, नळ, फोन, अंथरूण यांच्याशिवाय झालेला भयपट शोधून काढावा लागतो. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'ने धसका दिला तो न्हाणीघराचा. हिदेओ नाकाताच्या 'रिंगू'ने घरातला टीव्ही परका करून टाकला. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये जीव वाचवण्यासाठी लागतं ते परातीत मळलेलं पीठ. ओळखीच्या वस्तूवरचा विश्वास क्षणभर उडवणं, हे भयपटाचं खरं काम. त्यामुळे रोजच्या वस्तूंकडे ज्याचं लक्ष असतं त्याला भयपट जास्त कळतो, आणि भयपट पाहत राहिलं की रोजच्या वस्तूंकडे लक्ष जायला लागतं. या पुस्तकातला प्रत्येक लेख या एका समजुतीवर उभा आहे.

म्हणूनच भयपटांवरच्या लेखांच्या शेजारी इथे जुन्या रेडिओंवर, फडताळावर, रात्रीच्या एसटी प्रवासावर, पावसाळ्यात फुगणाऱ्या दारांवर आणि पहाटेच्या चहावरही लिहिलेलं सापडेल. हे विषय जागा भरण्यासाठी आलेले नाहीत. ज्या डोळ्यांनी मी सिनेमा पाहतो त्याच डोळ्यांनी घर पाहतो, आणि या दोन्ही गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. मी हौशी माणूस आहे. हौशी प्रेक्षकाला शुक्रवारी सिनेमा पाहून शनिवारी मत द्यायचं नसतं. एकच प्रसंग पुन्हापुन्हा पाहायला, आवाज बंद करून पाहायला, मग चित्राकडे पाठ फिरवून नुसता आवाज ऐकायला त्याच्याकडे सवड असते. भयपटाची कारागिरी अशाच पाहण्यातून उलगडते.

आपल्याकडच्या भुतांनाही पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, साती आसरा पाण्याच्या डोहाशी, वेताळ गावाच्या शिवेवर, चकवा माळावरच्या वाटेत. कोकणात आणि गोव्यात देवचार गावाची राखण करतो. गोव्यात वेताळाची मंदिरं आहेत आणि तिथे त्याला देव म्हणून पुजलं जातं. ही नावं ओळीने मांडली की गावाचा नकाशाच तयार होतो. कुठे एकट्याने जाऊ नये, कुठलं पाणी खोल आहे, कुठे वाट चुकते, हे सगळं त्या नकाशात येतं. लोककथेने भीतीला जागा नेमून दिली. सिनेमाने ती जागा प्रेक्षकाच्या घरापर्यंत आणली.

या प्रवासाची सुरुवात सिनेमाच्या जन्मानंतर लगेच झाली. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने १८९६ साली सैतानाच्या वाड्यावर जेमतेम तीन मिनिटांचा चित्रपट केला. वटवाघूळ, सांगाडा, अदृश्य होणारी माणसं, असं सगळं त्यात आहे. पण हेतू जादूचा खेळ दाखवण्याचा होता. भीतीला स्वतःचं रूप मिळालं पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत. रॉबर्ट वीनच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी'मध्ये (१९२०) घरं तिरकी आहेत, खिडक्या वाकड्या आहेत आणि कित्येक सावल्या पडद्यावर चक्क रंगवलेल्या आहेत. वेडाच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला जग जसं दिसेल तसं ते नेपथ्य आहे. दोन वर्षांनी एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' आला. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून, पण परवानगी न घेता केलेला हा चित्रपट. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला, तरी काही प्रती वाचल्या. त्यात काउंट ऑर्लोक जिना चढतो ते दृश्य आजही भयपटाच्या शाळेतला पहिला धडा आहे. दिसते ती फक्त भिंतीवरची सावली. लांब बोटं पुढे सरकत राहतात.

हॉलिवूडने ही सावली उचलली आणि तिला चेहरे दिले. युनिव्हर्सल स्टुडिओने १९३१ या एकाच वर्षात बेला लुगोसीचा 'ड्रॅक्युला' आणि बोरिस कार्लोफचा 'फ्रँकेन्स्टाइन' आणला. रंगभूषाकार जॅक पियर्सने घडवलेला तो सपाट डोक्याचा चेहरा आज चित्रपट न पाहिलेल्या मुलालाही ओळखू येतो. पुढे इंग्लंडच्या हॅमर कंपनीने पन्नाशीच्या दशकात हीच पात्रं रंगीत केली आणि क्रिस्टोफर ली व पीटर कुशिंग यांच्या जोडीने रक्ताला लाल रंग मिळवून दिला. राक्षसाचं हे घराणं दणकट आणि दीर्घायुषी आहे. पण माझा जीव जडला आहे तो त्याच काळातल्या एका गरीब घराण्यावर.

आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटन याला अगदी तुटपुंज्या पैशात भयपट करायला सांगितलं गेलं होतं. राक्षस उभा करायला पैसे नाहीत, तर तो दाखवायचाच नाही, असं ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तूर्नर यांनी ठरवलं. त्यांच्या 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) अ‍ॅलिस नावाची तरुणी रात्री बागेच्या दगडी कुंपणालगत चालली आहे. रस्त्यावर ठरावीक अंतरावर दिवे. उजेड, अंधार, पुन्हा उजेड. मागून आयरीना नावाची दुसरी बाई येते आहे. दोघींच्या टाचांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. मग मागचा आवाज थांबतो. बुटांचा नाद गेला, पण बाई कुठे गेली हे कळत नाही. पार्श्वसंगीताचा एक सूरही नाही. अ‍ॅलिस वळून पाहते, रस्ता मोकळा. ती पावलं उचलते, धावू लागते, आणि अचानक एखाद्या श्वापदाने फिसकारावं तसा आवाज करून चौकटीत शिरते एक बस. तो आवाज ब्रेकचा. बसमध्ये चढता चढता ती वर पाहते, तर कुंपणावरच्या फांद्या हलताहेत. आजच्या बहुतेक भयपटांत दचकवणारा क्षण असतो, त्याचं हे मूळ. फरक एवढाच की इथे दचकण्याआधीची शांतता मेहनतीने रचली आहे. ती शांतता गाळून नुसता दणका उचलणारे दिग्दर्शक पुढे पुष्कळ झाले.

भीतीच्या पुढच्या शाळा त्या-त्या काळाच्या जखमांतून निघाल्या. इशिरो होंडाचा 'गॉडझिला' १९५४चा. त्याच वर्षी बिकिनी बेटांवरच्या अमेरिकन अणुचाचणीची राख जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. चित्रपट सुरू होतो तोच समुद्रात पेटणाऱ्या नौकेपासून. 'सायको' १९६०चा. त्यातला न्हाणीघराचा प्रसंग जेमतेम पाऊण मिनिटाचा, पण त्याच्या चित्रीकरणाला आठवडा लागला. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं गेलं. हिचकॉकला तिथे संगीत नको होतं. बर्नार्ड हर्मनने केवळ तंतुवाद्यांवर किंचाळी रचून ऐकवली आणि त्याचं मत बदललं. राक्षस दूरच्या किल्ल्यातून निघून हमरस्त्यावरच्या मोटेलच्या काउंटरवर येऊन बसला, आणि तो विनम्र होता. ही उडी एवढी मोठी होती की भयपटाचे सरळ दोन भाग पडतात: 'सायको'च्या आधीचे आणि नंतरचे.

जॉर्ज रोमेरोने १९६८ साली पिट्सबर्गजवळ मोजक्या पैशात 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. एका शेतघरात अडकलेली माणसं बाहेरच्या प्रेतांपेक्षा एकमेकांच्या भांडणामुळे जास्त मरतात. नायक ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय. नागरी हक्कांच्या लढ्याच्या त्या वर्षात त्याचा शेवट प्रेक्षकांना कसा लागला असेल हे सांगायला नको. विल्यम फ्रीडकिनच्या 'द एक्झॉर्सिस्ट'ने (१९७३) भूत उतरवलं ते सुखवस्तू घरातल्या मुलीच्या शयनगृहात, आणि ती खोली शीतगृहासारखी गार करून अभिनेत्यांच्या श्वासाची खरी वाफ टिपली. स्टॅन्ली कुब्रिकच्या 'द शायनिंग'मध्ये (१९८०) लहान मुलगा रिकाम्या हॉटेलात तीनचाकी फिरवतो. चाकं लाकडी जमिनीवर खडखडतात, गालिच्यावर गप्प होतात, पुन्हा खडखडतात. त्या आवाजाच्या येण्याजाण्यानेच पाठीच्या कण्यातून शिरशिरी जाते. 'हॅलोवीन'च्या (१९७८) यशानंतर सुरीवाल्या मुखवट्यांची रांग लागली. त्या प्रांतातून मी लवकर पुढे सरकलो आहे, कारण नक्कल फार आणि नवं थोडं. शरीराचाच घात दाखवणारी शाळा मात्र सखोल आहे. डेव्हिड क्रोननबर्गचा 'द फ्लाय' (१९८६) भयपट आहे तसाच असाध्य आजाराने खंगत जाणाऱ्या माणसाच्या प्रेमाची गोष्टही आहे.

शतक संपताना जपानने सूर पालटला. 'रिंगू'मध्ये (१९९८) व्हिडिओ कॅसेट पाहिली की फोन येतो आणि सात दिवसांची मुदत सुरू होते. त्यातलं भूत, सादाको, टीव्हीतून बाहेर येते तेव्हा तिची चाल अंगावर येते, कारण अभिनेत्रीला उलट चालवून ती फीत उलटी फिरवली आहे. डोळ्याला काहीतरी चुकतंय एवढंच कळतं. काय, ते सांगता येत नाही. अमेरिकेत १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने हातातल्या कॅमेऱ्याच्या थरथरीतून भीती काढली. जॉर्डन पीलच्या 'गेट आउट'ला (२०१७) उत्कृष्ट मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं, तेव्हा कित्येक दशकं दुय्यम मानल्या गेलेल्या या प्रकाराकडे समीक्षकांनाही वळून पाहावं लागलं.

हिंदी सिनेमात भीती आली ती गाण्याच्या हाताला धरून. कमाल अमरोहींच्या 'महल'ची (१९४९) आठवण निघते ती 'आएगा आनेवाला'ने. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटावं म्हणून लता मंगेशकर ध्वनिमुद्रणात गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या होत्या. रेकॉर्डवर गायिकेच्या जागी पात्राचं, कामिनीचं, नाव छापलं होतं. भुताचा आवाज घरोघरच्या रेडिओतून येत होता आणि तो कुणाचा हे ऐकणाऱ्याला ठाऊक नव्हतं. 'महल', 'बीस साल बाद' (१९६२), 'वह कौन थी' (१९६४) या सगळ्यांत शेवटी भुतामागे माणूस निघतो. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला भुताचा उलगडा हवा होता, असं मला यातून दिसतं.

उलगड्याची ही अट रामसे बंधूंनी मोडली. फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेल्या या कुटुंबात सात भाऊ. पटकथा, कॅमेरा, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन सगळं घरातच वाटून घेतलेलं. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) करायला सगळं कुटुंब महाबळेश्वरला मुक्कामाला गेलं होतं. 'पुराना मंदिर'ने (१९८४) छोट्या गावांतली चित्रपटगृहं भरली आणि 'झी हॉरर शो'ने १९९३पासून तीच भुतं थेट दिवाणखान्यात आणली. त्यांच्या चित्रपटांत रांगडेपणा होता. पण धुकं, निळा प्रकाश, करकरणारं दार यांची एक देशी बाराखडी त्यांनी घडवली आणि पुढच्या पिढीने ती गिरवली. राम गोपाल वर्मांच्या 'भूत'ने (२००३) गाणी वगळली आणि मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट, त्याची लिफ्ट, मोकळा जिना एवढ्यावर काम भागवलं. घराचा इतिहास नवरा बायकोपासून लपवतो, आणि मुंबईत घर शोधणाऱ्या कुणालाही ती लपवालपवी भुताइतकीच खरी वाटते.

मराठीत भीती आधी कागदावर मुरली. नारायण धारपांनी भयकथेला वाचकवर्ग मिळवून दिला. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांनी मध्यमवर्गीय घराच्या भिंतीआड काय काय असतं ते दाखवलं. विजय तेंडुलकरांचा लेखनात हात असलेला 'गहराई' (१९८०) हिंदीत झाला, पण त्यातला जमीन, इस्टेट आणि शापाचा गुंता आपल्या ओळखीचा आहे. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'मधला (१९९३) तात्या विंचू तर घरातलाच झाला. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या हातून उतरलेली ती बाहुली एका पिढीच्या भीतीचा आणि हसण्याचा चेहरा आहे. विशाल फुरियांच्या 'लपाछपी'त गर्भवती तरुणी उसाच्या फडात वाट चुकते. अंगाला कापणारी ती पाती, भर दुपारचा उजेड आणि चारी बाजूंना सारखंच दिसणारं हिरवं. अंधाराची गरजच पडत नाही. फडात लपलंय ते भूत नव्हे, नकोशा मुली मारल्याचं पाप आहे.

'तुंबाड' (२०१८) या सगळ्याचा मेळ घालतो. धारपांच्या कथेने त्याला बीज दिलं, त्या कथेचं मूळ स्टीफन किंगच्या गोष्टीत होतं, शीर्षक श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देतं आणि पाऊस खरा आहे. त्यासाठी कित्येक पावसाळे चित्रीकरण चाललं. गोष्टीतल्या हस्तर या देवाला सोनं मिळालं, धान्य नाकारलं गेलं. म्हणून नायक विनायक देवीच्या गर्भात उतरतो तेव्हा जवळ असतं ते पीठ: भोवती पिठाचं रिंगण आणि हातात पिठाची बाहुली. भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडतो आणि तेवढ्या वेळात त्याच्या कटीवस्त्रातल्या मोहरा पाडून घ्यायच्या. लालसा आणि भूक समोरासमोर, मध्ये मळलेली कणीक. असा प्रसंग ज्या स्वयंपाकघरात पिठाचा डबा आणि देव्हारा शेजारी असतात तिथल्याच माणसाला सुचू शकतो. प्रदर्शनाच्या वेळी बेताचाच चाललेला हा चित्रपट २०२४ साली पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्याच वर्षी आदित्य सरपोतदारांच्या 'मुंज्या'ने कोकणातला मुंजा देशभर नेला.

महाराष्ट्रात भयपटावर लिहिताना एक प्रश्न टाळून चालत नाही. ज्या राज्यात नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचलं, २०१३ साली त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे भुतांच्या गोष्टींचा छंद जोपासावा का? मी या प्रश्नाशी बराच काळ झगडलो आहे आणि माझं उत्तर स्पष्ट आहे. मांत्रिकाला तारणहार करून सोडणारा चित्रपट मला खटकतो. अंगात येणाऱ्या बाईला मारझोड होताना कॅमेरा मजा घेत असेल तर तो चित्रपट माझ्या लेखी उतरतो. अशी मारझोड खऱ्या घरांत होते. पण चांगला भयपट भोळेपणाच्या उलट दिशेने नेतो. आपल्याला कशाची भीती वाटते आणि ती कुणी घातली, हे तो विचारायला लावतो. आपल्याकडची इतकी भुतं बायकांचीच का? बाळंतपणात गेलेली, विहिरीत ढकललेली, छळून मारलेली स्त्रीच हडळ होऊन का परतते? कारण जिवंतपणी तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. 'लपाछपी'सारखा चित्रपट हे उघड बोलतो, तेव्हा तो समाजाच्या कबुलीजबाबासारखा असतो.

हे सगळं आत्ताच लिहायची निकडही आहे. भयपट आज मोबाइलवर, इअरफोन लावून, एकेकट्याने पाहिला जातो. चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून वीस जणांनी एकत्र बोबडी वळवून घेण्याचे दिवस गेले. एकत्र घाबरण्यात धीर होता. कुणीतरी हसायचं, कुणीतरी दिवा लावायचं. त्यातच नुसत्या दचकण्यांच्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांचा मारा सुरू आहे. तुकड्यात दणका मावतो, शांतता मावत नाही. आणि शांततेत कान देण्याची सवय गेली की भयपटाचं मर्मच हरवतं. दुसरीकडे मल्याळममध्ये मामूट्टीसारखा मोठा नट 'भ्रमयुगम'सारखा (२०२४) कृष्णधवल भयपट करतो आणि प्रेक्षक तो उचलून धरतात. म्हणजे धीराने घाबरण्याची भूक शिल्लक आहे. तिला मराठीत बोलायला शब्द हवेत, चर्चा हवी, म्हणून हे पुस्तक.

हा कोश नाही आणि सर्वोत्तमांची यादीही नाही. शंभर चित्रपटांवर चार ओळी लिहिण्यापेक्षा थोड्या चित्रपटांपाशी थांबणं मी पसंत केलं. काही लेखांत एकच दृश्य आहे, काहींत फक्त एक आवाज. मधूनमधून येणारे घरगुती लेख वाचकाने वगळू नयेत अशी विनंती आहे. फडताळावरचा लेख वाचल्यावर झपाटलेल्या घरांवरचा लेख अधिक उघडेल, आणि रात्रीच्या एसटीवरचा लेख 'कॅट पीपल'मधल्या बसच्या आधी मुद्दाम ठेवला आहे. ज्यांनी भयपट कधी पाहिला नाही त्यांनी भीत भीत का होईना, सुरुवात इथून करावी. ज्यांनी पुष्कळ पाहिले आहेत त्यांनी माझ्याशी भांडावं. 'द शायनिंग' मोठा की 'तुंबाड', यावर रात्रभर वाद घालायला मी तयार आहे.

भीती लपवायची गोष्ट आहे असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं, विशेषतः मुलग्यांना. भयपट पैसे घेऊन का होईना, घाबरायची मोकळीक देतो. त्या मोकळिकीत माणूस स्वतःविषयी बरंच खरं बोलून जातो: आपण कुणावर अन्याय केला, काय पुरून ठेवलं, कुठल्या दारामागे काय आहे हे ठाऊक असूनही ते का उघडत नाही. हे बोलणं मला मोलाचं वाटतं. ते मराठीत, मोकळेपणाने आणि एकमेकांच्या सोबतीने व्हावं, एवढ्यासाठी हे लेख वाचकांच्या हाती देतो आहे.